पट वाचावा तो खेळून

१

जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून पोथ्या, सनदा व जमाखर्चाच्या वह्या निघतात, त्यांच्याबरोबर केव्हां केव्हां कापडाची किंवा जाड कागदाची एखादी घडीहि निघते. उलगडून पाहावी तों आंत घरें आंखलेलीं, घराघरांत बारीक अक्षरांनीं नांवें घातलेलीं, कोठें साप, कोठें शिडी. अगर चार बाह्यांचा साधा सोंगट्यांचा पट. संग्राहक ती घडी जपून ठेवतो, यादींत ‘पट, रंगीत, एक’ अशी नोंद करतो आणि पुढच्या पोथीकडे वळतो. आमच्याहि हातून असेंच होत आलें आहे. कागदाची जात, शाईचा रंग, अक्षराचें वळण, चित्राची ठेवण यांवरून अशा वस्तूचा काळ ठरविण्याची खटपट आपण करतों. परंतु ज्या कामासाठीं ती वस्तु सिद्ध झाली तें काम तिजकडून एकदांहि करवून घेत नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच प्रतिपादावयाचें आहे कीं, पट हा अर्धा दस्तऐवज आहे व त्याचा उरलेला अर्धा भाग खेळणाराच्या हातांत असतो. सबब पट वाचावयाचा तर तो मांडून, नियम धरून, शेवटपर्यंत खेळला पाहिजे. आणि असें खेळणें ही करमणूक न मानतां संशोधनाची एक पायरी मानली पाहिजे. पट करणारानें काय योजिलें होतें, कोणता नियम कशासाठीं घातला होता, हें बहुधा या पायरीवरच उमगतें.

२

दानपत्र स्वतःपुरतें बोलतें. दाता कोण, प्रतिग्रहीता कोण, जमिनीच्या चतुःसीमा कोणत्या, हें सर्व त्याच्या अक्षरांत असतें. पटाचें तसें नाहीं. घर कोठें आहे हें दिसतें, पण चाल दिसत नाहीं. सोंगटी कोणत्या बाजूनें वळावयाची, कोणतें दान पडलें असतां पुन्हां फेकावयाचें, शेवटच्या घरांत शिरण्यास नेमकें दान लागतें कीं अधिक पडलें तरी चालतें, यांपैकीं एकहि गोष्ट कापडावर लिहिलेली नसते. ती लिहिण्याची गरज कोणास वाटली नाहीं. कारण आजीकडून नातवंडास ती बसल्या जागीं मिळत होती.

भाषेनें मात्र कांहीं खुणा राखल्या आहेत. ‘पोबारा’ हा शब्द आज आपण पळ काढण्याच्या अर्थीं वापरतों. त्यांत तीन फाशांवर एक, सहा व सहा असें तेरांचें दान पडल्याची आठवण आहे. ‘अडीच घरें’, ‘शह’, ‘मात’ हे शब्द तर बुद्धिबळ न खेळणाराच्याहि तोंडीं आहेत. ग्रंथांतूनहि थोडें हातीं लागतें. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथाची शेवटची विंशति क्रीडांस वाहिलेली आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत त्या ग्रंथाचे तीन खंड १९२५, १९३९ व १९६१ या वर्षीं निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तत्कालीन औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण शर्मा यांनीं ‘क्रीडाकौशल्य’ रचून अनेक खेळांचे विधि एकत्र केले. पण असे ग्रंथहि सूत्ररूपानें बोलतात. समोर पट नसेल व हातांत सोंगटी नसेल, तर त्यांतील ओळ समजली असें वाटतें आणि समजलेली नसते.

३

खेळून वाचण्याची ही रीति आम्हीं नव्यानें काढलेली नाहीं. तिचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इराकांतील ऊर या स्थळाचें आहे. लिओनार्ड वूली यांनीं १९२२ ते १९३४ या काळांत तेथें उत्खनन केलें, तेव्हां राजघराण्याच्या दफनभूमींत वीस घरांचे सुंदर जडावाचे पट सांपडले. त्यांचा काळ सुमारें इ. स. पू. २६०० ते २४०० असा धरतात. पट हातीं आला, सोंगट्या व फासे आले. नियम मात्र आले नाहींत. कित्येक वर्षें विद्वानांनीं आपापल्या तर्कानें चाली बसविल्या.

पुढें ब्रिटिश म्यूझियमचे आयर्विंग फिंकेल यांनीं त्याच संग्रहांतील एक कीलाक्षरी मृत्तिकाफलक वाचला. तो बाबिलोनमधील, इ. स. पू. १७७-१७६ या सालचा असून इत्ति-मर्दुक-बलातु नांवाच्या लेखकाच्या हातचा आहे. त्यांत जनावरांच्या घोट्याच्या हाडांचे दोन फासे, पक्ष्यांचीं नांवें असलेल्या पांच सोंगट्या आणि फुलांच्या घरांशीं निगडित फलें सांगितलीं आहेत. फिंकेल यांनीं तो मजकूर केवळ भाषांतरून सोडला नाहीं. तो वीस घरांवर बसवून खेळून पाहिला व मगच नियमांची मांडणी केली. एवढ्यावर न थांबतां ते जिवंत परंपरेच्या शोधास लागले, तेव्हां वीस घरांचा तशाच जातीचा एक खेळ आपल्या कोचीनच्या ज्यू समाजांत खेळला जात असल्याचें व इस्रायलांत गेलेल्या त्या समाजांतील माणसांस तो आठवत असल्याचें आढळून आलें.

येथें एक सावधगिरी मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वूलींचा पट आणि हा फलक यांमध्यें दोन हजारांहून अधिक वर्षांचें अंतर आहे, आणि मधल्या काळांत पटाचा आकारहि पालटला होता. फलकावरील नियम उत्तरकालीन खेळाचे होत. ते ऊरच्या राजांच्या वेळचेच होते असें त्यांवरून सिद्ध होत नाहीं. खेळून पाहण्यानें नियम ‘चालतो कीं नाहीं’ हें कळतें. तो ‘केव्हांचा’ हें कळत नाहीं. हा भेद पुढें पुन्हां येईल.

अलीकडे याच रीतीला यंत्राचें साह्य मिळालें आहे. नेदरलंड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठांत कॅमेरॉन ब्राऊन यांच्या नेतृत्वाखालीं २०१८ ते २०२३ या काळांत एक प्रकल्प चालला. प्राचीन खेळाचे संभाव्य नियम संगणकास घालून द्यावयाचे, त्याजकडून तो डाव असंख्य वेळां खेळवून घ्यावयाचा, आणि डाव संपतो कीं अडतो, दोन्ही बाजूंस सारखी संधि राहते कीं नाहीं, हें तपासावयाचें, अशी त्याची पद्धति. रीति जुनीच, हात मात्र नवे.

४

आतां घरचें उदाहरण घेऊं. अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत चौपटाचें वर्णन दिलें आहे. पटास चार बाह्या, प्रत्येक बाहींत आठ-आठ घरांच्या तीन ओळी म्हणजे २४ घरें, सोळा सोंगट्या, आणि तीन लांबट फासे. फाशाच्या चार लांब बाजूंवर एक, दोन, पांच व सहा अशीं टिंबें असतात. त्याच ठिकाणीं त्यानें ‘चंदल-मंडल’ नांवाचा दुसरा खेळ वर्णिला असून त्याचें कर्तृत्व अकबर बादशहास दिलें आहे. त्यांत मध्यबिंदूभोंवतीं सोळा बाह्या, प्रत्येकींत पुन्हां २४ घरें, ६४ सोंगट्या व चार फासे. फाशांवर एक, दोन, दहा व बारा हे अंक.

वर्णन वाचून सोडलें तर हा एक राजेशाही डामडौल वाटतो. पण दोन्ही खेळ शेजारीं मांडून पाहिले म्हणजे योजना दिसूं लागते. बाहीची रचना जशीच्या तशी ठेविली आहे. बदलली ती बाह्यांची संख्या, चाराच्या सोळा. पट चौपट झाला. आतां जुने फासे तसेच ठेवले असते तर सोंगटी फिरतां फिरतां खेळणारे कंटाळले असते. जुन्या तीन फाशांचें सरासरी दान साडेदहा पडतें. नव्या चार फाशांचें पंचवीस. म्हणजे खेळ लांबला, पण पटाइतका चौपट लांबला नाहीं. आणि हें साधलें कसें? पांचाचे दहा केले, सहाचे बारा केले. एक व दोन मात्र तसेच राहूं दिले.

हे दोन लहान अंक कां राखले असावेत, हें आम्हांस कागदावर उमगलें नाहीं. फासे टाकूं लागल्यावर उमगलें. मोठ्या दानानें सोंगटी दूर जाते, परंतु शत्रूच्या सोंगटीवर नेमकें पडण्यास किंवा शेवटीं घरांत शिरण्यास लहान दानच कामीं येतें. सगळेच अंक दुप्पट केले असते तर सोंगट्या धांवल्या असत्या, पण एकमेकींस गांठणें दुर्घट झालें असतें. अकबराच्या मनांत हेंच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. रचनेचा परिणाम असा होतो एवढेंच म्हणतों. जुना खेळ बारकाईनें खेळलेल्या माणसानेंच हा बदल केला असला पाहिजे, असें मात्र आम्हांस वाटतें.

५

घरोघर खेळली जाणारी कवड्यांची पचिशी याच दृष्टीनें पाहूं. प्रांतोप्रांतीं दानें मोजण्याच्या चाली भिन्न आहेत. सहा कवड्यांची एक रूढ चाल येथें घेतों. दोन कवड्या उताण्या पडल्या तर दोन, तीन तर तीन, चार तर चार, पांच तर पांच, सहा तर सहा. पण एकच उताणी पडली तर दहा, आणि एकहि उताणी न पडतां सर्व पालथ्या पडल्या तर पंचवीस. या पंचविसावरूनच खेळास नांव मिळालें. दहा, पंचवीस व सहा या दानांवर पुन्हां फेकावयास मिळतें.

सोयीसाठीं कवडी उताणी व पालथी सारख्याच वेळां पडते असें समजूं. प्रत्यक्ष कवडी इतकी निःपक्षपाती नसते हें खेळणारांस ठाऊक आहेच. सहा कवड्या ६४ प्रकारांनीं पडूं शकतात. त्यांपैकीं एका प्रकारांत सर्व पालथ्या, सहांत एक उताणी, पंधरांत दोन, विसांत तीन, पंधरांत चार, सहांत पांच व एकांत सहाहि उताण्या. जेवढ्या उताण्या तेवढेंच दान, असा सरळ हिशेब असता तर सरासरी दान नेमकें तीन आलें असतें. एका सोंगटीस मधल्या घरांतून निघून, सर्व पट फिरून परत मध्यें येण्यास ८४ पावलें लागतात. चार सोंगट्यांस ३३६. तिनाच्या सरासरीनें त्यांस ११२ फेकी लागल्या असत्या, त्याहि एकदांहि न मरतां.

आतां रूढ हिशेब पाहा. सरासरी सव्वाचाराच्या जवळ जाते, व तींच ३३६ पावलें सुमारें ८० फेकींत संपतात. दहा व पंचवीस हीं दोन दानें ६४ पैकीं सातच प्रकारांनीं पडतात, पण एकंदर चालीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तींच उचलतात. आणि विशेष हें कीं, सरळ हिशेबानें जीं दोन सर्वांत नीच दानें ठरलीं असतीं तींच येथें सर्वांत श्रेष्ठ केलीं आहेत. ज्या कोणी हें प्रथम योजिलें त्यानें एका फेरफारानें दोन कामें केलीं. खेळ आटोपशीर केला. आणि मागें पडलेल्यास शेवटच्या क्षणापर्यंत आशा ठेविली. मागून येणारा एका फेकीसरशी पुढें जातो म्हणून तर रात्र उलटून गेली तरी डाव मोडवत नाहीं. हें मर्म कवड्यांच्या मोजणीच्या कोष्टकांत उघड लिहिलेलें आहे. पण दहा वेळां हरल्यावांचून तें वाचतां येत नाहीं.

६

आतां मोक्षपटाकडे वळूं. संग्राहकांच्या हातीं सर्वांत अधिक तोच येतो, आणि त्याविषयींच सर्वांत अधिक लिहिलें व सर्वांत कमी खेळलें गेलें आहे. उपलब्ध पटांपैकीं बहुतेक अठराव्या व त्यानंतरच्या शतकांतील आहेत. जैन पट बहुधा ८४ घरांचे, वैष्णव पट ७२ घरांचे, तर सूफी पंथाशीं निगडित पट १०० घरांचे आढळतात. अँड्रू टॉप्सफील्ड यांचे १९८५ व २००६ चे निबंध आणि जेकब श्मिट-मॅडसन यांचा पश्चिम भारतांतील पटांवरचा कोपनहेगन विद्यापीठांतील २०१९ चा प्रबंध हे या विषयांतील मुख्य आधार होत. खेळण्यासाठीं आम्हीं ७२ घरांची जी मांडणी घेतली ती हरीश जोहरी यांनीं १९७५ सालीं आपल्या इंग्रजी पुस्तकांत दिलेली. इतर प्रतींत नांवें व सापांच्या जागा कमीअधिक बदलतात, हें लक्षांत असूं द्यावें.

पटांत नऊ घरांच्या आठ ओळी आहेत. सोंगटी पहिल्या ओळींतून डावीकडून उजवीकडे, दुसरींतून उजवीकडून डावीकडे, अशी बैल नांगर ओढतो तशी वर चढते. ६८ वें घर वैकुंठाचें. तेथें पोंचला तो सुटला. त्यानंतर ६९ ब्रह्मलोक, ७० सत्त्वगुण, ७१ रजोगुण व ७२ तमोगुण.

प्रथम पाहतां आम्हांस हीं शेवटचीं चार घरें निरर्थक वाटलीं. ओळ नऊ घरांची, वैकुंठ मध्यावर, मग उरलेली जागा भरून काढावयाची म्हणून कांहीं नांवें घातलीं असावींत, असें टिपणहि आम्हीं करून ठेविलें होतें. तें टिपण चुकीचें होतें. पट मांडून एक फासा टाकूं लागलों तेव्हां सोंगटी ६६ वर होती, दान चाराचें पडलें, आणि ती वैकुंठ ओलांडून सत्त्वगुणावर गेली. मागें फिरण्याची सोय नाहीं. पुढें रज, मग तम. ७२ च्या पुढें घर नसल्यानें तेथें नेमकें दान पडेपर्यंत थांबणें आलें. तमोगुणाच्या घरांत साप आहे, त्याची शेपटी ५१ व्या घरांत, आणि त्या घराचें नांव पृथ्वी. म्हणजे मोक्ष ओलांडून वर गेलेला जीव तीनहि गुण भोगून पुन्हां पृथ्वीवर जन्म घेतो. जीं घरें आम्हीं भरतीचीं समजलों तींच पटाचा कणा ठरलीं.

याहून मोठी गोष्ट पुढें दिसली. पटावरील सर्वांत लांब शिडी १७ व्या, दयेच्या घरांतून निघते आणि एकदम ६९ व्या घरांत, ब्रह्मलोकांत जाते. ५२ घरांची ही झेंप पाहून खेळणारा हर्षभरित होतो. पण ब्रह्मलोक वैकुंठाच्या पुढें आहे. तेथून गुणांच्या वाटेनें पृथ्वीवर येण्यावांचून गति नाहीं. उलट ५४ व्या घरांतील भक्तीची शिडी अवघी १४ घरांची, पण ती सरळ वैकुंठांत पोंचते. पुण्यानें उच्च लोक मिळतात पण तें सरतांच परतावें लागतें, हा सिद्धान्त आपल्या ग्रंथांतून नित्य येतो. पटकर्त्यानें तो एका अक्षरानेंहि न सांगतां दोन शिड्यांच्या टोंकांत ठेविला आहे, आणि तो दयेच्या शिडीवर चढून परत आलेल्यासच कळतो.

पृथ्वीचें घरहि सहज निवडलेलें दिसत नाहीं. ५१ वर असलेल्यास एक पडला तर ५२, हिंसा. तेथला साप ३५ व्या घरीं नरकांत नेतो. तीन पडले तर ५४, भक्ति. चार पडले तर ५५, अहंकार. तेथला साप थेट पहिल्या ओळींत उतरवितो. एकाच घरावरून, एकाच फेकींत, अधोगति, मुक्ति व सर्वनाश हे तीनहि मार्ग उघडे आहेत. परत आलेल्या जिवास पटकर्ता शिक्षा देत नाहीं. पुन्हां निवडीच्या तोंडाशीं आणून बसवितो.

७

या रचनेचा आणखी एक विशेष केवळ मोजणीनें हातीं येतो. ओळींत घरें नऊ, म्हणजे विषम. त्यामुळें ओळ कोणत्याहि बाजूनें मोजली तरी मधलें घर बदलत नाहीं. ५, १४, २३, ३२, ४१, ५०, ५९ व ६८ हीं घरें एकाखालीं एक येतात, आणि त्यांचीं नांवें भूलोक, भुवर्लोक, स्वर्लोक, महर्लोक, जनलोक, तपोलोक, सत्यलोक व वैकुंठ. पटाच्या मधोमध लोकांची ही उभी रांग आहे. दहा शिड्यांपैकीं पांचांचीं टोंकें याच रांगेंत लागतात. आणि दहा सापांपैकीं एकाचेंहि तोंड किंवा शेपटी या रांगेंत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडांत गेला व तेथें दहा ओळी, दहा घरें अशा पटावर रूढ झाला. सम संख्येमुळें मधली रांगच उरली नाहीं. शेवटचें घर हेंच विजयाचें घर झालें, त्यामुळें ध्येय ओलांडून जाण्याचा प्रसंगहि गेला. घरांचीं नांवें पुढें गळालीं, पण आमच्या मतें नांवें गळण्यापूर्वींच खेळाचा अर्थ घरांच्या संख्येबरोबर गळाला होता.

पोथ्यांच्या संग्राहकांस यांतून प्रत तपासण्याचें एक साधन मिळतें. समजा, आपल्या हातीं याच घराण्यांतील एखादी प्रत आली व तींत ७२ व्या घरांत साप नाहीं. चित्र म्हणून ती निर्दोष दिसेल. पण खेळूं लागल्यास वैकुंठ ओलांडलेली सोंगटी शेवटच्या घरांत जाऊन कायमची अडेल. दयेची शिडी चढलेला प्रत्येक खेळाडू डावांतून बाद होईल. तेव्हां एकतर लेखकानें साप गाळला, किंवा तो जागा झिजून पुसला गेला, किंवा ती अडचण सोडविणारा एखादा नियम तोंडीं होता व तो आपणांस मिळालेला नाहीं. तीन शक्यता निश्चित झाल्या म्हणजे कोठें शोधावें हें ठरतें. तसेंच, नक्कल करतांना एक नांव गळलें तर पुढचीं सर्व नांवें एका घरानें सरकतात व लोकांची उभी रांग मोडते; रांग जेथें मोडली त्याच्या मागें चूक आहे हें तत्काळ कळतें. पोथींत वृत्तभंगावरून जसा गळालेला शब्द ओळखतात, तसा पटांत चालभंगावरून गळालेला साप ओळखतां येईल.

८

येथवर खेळण्याचे गुण सांगितले. आतां त्याची मर्यादा सांगितली पाहिजे, नाहींतर या रीतीचा दुरुपयोग होण्याचें भय आहे. तसा तो एकदां झालाहि आहे. सर विल्यम जोन्स यांनीं १७९० सालीं भारतीय बुद्धिबळावर निबंध वाचला, त्यांत फासे टाकून चौघांनीं खेळावयाच्या चतुरंगाचें वर्णन पुराणाच्या आधारानें दिलें. कॅप्टन हायरम कॉक्स यांनीं १७९९ सालीं व पुढें डंकन फोर्ब्स यांनीं १८६० सालीं या आधारावर असें मत मांडलें कीं, चौघांचा खेळ मूळचा, कित्येक हजार वर्षांचा. दोन मित्रसैन्यें एक होऊन त्यांतून दोघांचें बुद्धिबळ निघालें. रचनेच्या दृष्टीनें हें मोठें मोहक होतें. पट मांडून पाहिला तर चार राजांचे दोन राजे व दोन वजीर होतात, हें डोळ्यांस दिसतें.

पण ज्या संहितेवर हा डोलारा उभा होता ती सोळाव्या शतकांतील बंगालच्या रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्व’ ग्रंथांतील निघाली. वान डेर लिंडे यांनीं १८७४ सालीं फोर्ब्स यांचें मत खोडून काढलें, आणि मरे यांच्या १९१३ च्या बुद्धिबळाच्या इतिहासानंतर तें मागें पडलें. चौघांचा खेळ सुमारें १०३० सालीं अल्-बीरूनीनेंहि पाहिला होता, म्हणून तो अगदीं अर्वाचीन नव्हे. परंतु पांच हजार वर्षांचा तर नव्हेच. चूक खेळण्यांत नव्हती. खेळावरून काळ काढण्यांत होती.

मोक्षपट ज्ञानेश्वर महाराजांनीं रचिला, ही समजूत महाराष्ट्रांत दृढ आहे. तिजविषयींहि हाच न्याय लावला पाहिजे. पटांतील विचार वारकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, हें खेळणारास पदोपदीं जाणवेल. पण विचाराचें साम्य हा कर्तृत्वाचा पुरावा नव्हे. तेराव्या शतकांतील पट किंवा त्या काळचा निःसंदिग्ध उल्लेख पुढें येईपर्यंत ती समजूत समजूत म्हणूनच नोंदवावी. सारांश, पटाची बुद्धि खेळून कळते, त्याचें वय कागदावरून. एकाचें काम दुसऱ्यास सांगूं नये.

९

आपल्या संग्राहकबंधूंस आमची विनंति अशी आहे. पट मिळतांच त्याबरोबरच्या कवड्या, फासे व सोंगट्या निराळ्या करूं नयेत. लांबट फाशाच्या चारहि बाजूंवरील टिंबें लिहून ठेवावींत, कारण तीन फाशांचा पट व सहा कवड्यांचा पट दिसण्यांत सारखा असला तरी खेळण्यांत सारखा नसतो. कोणतीं घरें बोटांनीं व सोंगट्यांनीं अधिक झिजलीं आहेत हें पाहावें. पट खेळला जात होता कीं केवळ भिंतीवर शोभत होता, याचा तो साक्षीदार आहे. मूळ वस्तूस हात न लावतां तिची नक्कल आंखून तीवर निदान पांच-दहा डाव शेवटपर्यंत खेळावे, आणि जेथें जेथें नियम न मिळाल्यानें आपल्या पदरचा घालावा लागला तेथें तेथें तसें स्पष्ट लिहावें. आपला तर्क व परंपरेचा नियम एका शाईनें लिहूं नये.

आणि सर्वांत निकडीचें काम तोंडी नियमांचें आहे. ज्या घरांतून पट मिळाला तेथें तो खेळलेलें कोणी वृद्ध माणूस असेल तर त्याच्यासमोर पट पसरून बसावें. आम्हांस असा अनुभव आहे कीं, ‘नियम सांगा’ म्हटलें असतां अशीं माणसें गप्प राहतात, किंवा दोन-तीन सामान्य गोष्टी सांगून थांबतात. पण कवड्या हातीं दिल्या व आपण मुद्दाम चुकीची चाल केली कीं लगेच हात धरून ‘असें नाहीं, तसें’ म्हणून सांगूं लागतात. जो नियम आठवून सांगतां येत नाहीं तो हाताला ठाऊक असतो. दोन घरांतील नियम जुळले नाहींत तर त्यांची एकवाक्यता करण्याच्या भरीस न पडतां दोन्ही जसेच्या तसे उतरून घ्यावे. पाठभेद हा पोथींत जितका मोलाचा, तितकाच खेळांत.

कापड पेटींत घालून शंभर वर्षें टिकवितां येईल. चाल तशी टिकत नाहीं. ती खेळणाराबरोबर जाते. तेव्हां यादींत ‘पट, रंगीत, एक’ असें लिहिण्यापूर्वीं तो एकदां जमिनीवर पसरावा, समोर कोणास तरी बसवावें आणि पहिलें दान टाकावें.